अंगणातील झोपाळा आणि परसातील खुराडे

कुक्कुटपालन हा शब्द उच्चारला की सरकारी अधिकाऱ्याच्या, बँकेच्या शाखा-व्यवस्थापकाच्या आणि खरे सांगावयाचे तर बहुतेक सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना जाळी, खाली तुसाचा थर आणि त्यावर दाटीवाटीने वाढणारे काही हजार पांढरे पक्षी. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हे चित्र पाहण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. परंतु या चित्राच्या बाहेर, घरामागच्या परसात, आठ-दहा कोंबड्यांचा एक संसार चालू असतो. त्याला कोणी धंदा म्हणत नाही. ज्या घरी तो चालतो तेथील पुरुषही ‘बायका पाळतात चार कोंबड्या’ एवढ्यावरच त्याची बोळवण करतात.

तो संसार वाटतो तितका क्षुल्लक मात्र नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व तत्सम पक्ष्यांची संख्या ८५ कोटींच्या वर भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की २०१२ च्या गणनेशी तुलना करता व्यापारी पक्ष्यांची संख्या साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढली, तर परसातील पक्ष्यांची जवळजवळ ४६ टक्क्यांनी. ज्या व्यवसायाला आपण ‘जुन्या काळचा’ म्हणून मोडीत काढले होते, तो त्या सात वर्षांत शेडवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढला, हे आकडेच सांगतात.

या वाढीमागे जे भांडवल आहे ते आले कोठून, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर कर्जाच्या खतावणीत सापडत नाही. ते घराच्या अडगळीत सापडते. फुटका रांजण, तुटकी बैलगाडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची जुनी फळी, शेळ्यांचा मोडका गोठा यांतून आजवर खुराडी उभी राहिली. गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे अंगणातला लोखंडी झोपाळा.

हा झोपाळा वाड्याच्या ओसरीवर पितळी कड्यांनी टांगलेला झोपाळा नव्हे. तो तुळईला टांगलेला असे आणि वाड्याबरोबरच गेला. येथे अभिप्रेत आहे तो बंगल्यापुढच्या मोकळ्या जागेत उभा केलेला, दोन्ही टोकांना लोखंडी पाइपाची कैची आणि वर आडवा पाइप असलेला मुलांचा झोपाळा. त्याचा इतिहास हा या भागातील पाण्याचा इतिहास आहे. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामतीकडे आले आणि पुढे इंदापूर तालुक्यातही पोचले. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा इंदापूरच्या उत्तरेकडील अनेक गावांची जमीन पाण्याखाली गेली आणि उरलेल्या काठावर उपसा योजनांनी ऊस आणला. ऊस आला तेथे साखर कारखान्याचे बिल आले, बिल आले तेथे स्लॅबचे घर आले, आणि घरात मुले लहान असताना एखाद्या दिवाळीला बारामतीहून झोपाळाही आला. आज ती मुले पुण्यात वा पिंपरी-चिंचवडला नोकरीस आहेत. नातवंडे सुट्टीत येतात तेव्हा त्यांच्या हाती मोबाइल असतो. झोपाळ्याचा पाट कुजला, साखळ्यांना गंज चढला, कैच्या मात्र पायाशी ओतलेल्या काँक्रीटमुळे जागच्या जागी ताठ उभ्या आहेत.

अशा झोपाळ्याचे करावयाचे काय? भंगारवाला दारावर येतो आणि वजनाचा भाव सांगतो. येथे अर्थशास्त्रातील एक साधा सिद्धांत उपयोगी पडतो, आणि तो वर्गात शिकवताना मुलांना जितका रुक्ष वाटतो तितका घरातल्या बाईला वाटत नाही. झोपाळा घेताना किती पैसे पडले होते, हा प्रश्न आता गैरलागू आहे. ते पैसे बुडीत खर्चात जमा झाले. आज त्या वस्तूची किंमत म्हणजे तिच्या उरलेल्या पर्यायांपैकी सर्वांत चांगल्या पर्यायातून मिळणारे उत्पन्न. भंगाराचा भाव हा एक पर्याय आहे आणि तो बहुधा सर्वांत हलका आहे. कारण भंगारवाला लोखंडाचे पैसे देतो, आकाराचे देत नाही. कैची बनविण्यासाठी वेल्डरने जी कापाकापी व जोडणी केली होती, ती तो फुकटात नेतो.

इंदापूर तालुक्यात, आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी, त्याच्या आईने असा झोपाळा भंगारात जाऊ दिला नाही. तिने जे केले ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण त्यात कोठेही हौस नाही, सगळा हिशेब आहे. दोन कैच्यांच्या मध्ये, जमिनीपासून सुमारे दोन फूट उंचीवर, आडव्या लाकडांची चौकट बसविली आणि तीवर फळ्यांचा तळ टाकला. विष्ठा खाली पडावी म्हणून फळ्यांत बोटभर फट ठेवली. खाली पडलेली विष्ठा आठवड्याला ओढून उकिरड्यात जाते आणि पुढे शेतात. वरच्या आडव्या पाइपावरून दोन्ही बाजूंनी पत्रा उतरविला. कैचीचा आकारच मुळात छपराचा असल्याने त्यासाठी वेगळा सांगाडा लागला नाही. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर बांधला. इंदापूरच्या उन्हाळ्यात नुसत्या पत्र्याखाली कोंबडी दुपार काढू शकत नाही, आणि पाचटाला या भागात तोटा नाही. आत बसण्यासाठी दोन दांडे, अंडी घालण्यासाठी कोपऱ्यात पाचट भरलेली तीन खोकी. झोपाळ्याच्या साखळ्याही वाया गेल्या नाहीत : दाण्याचे भांडे त्यांनी अधांतरी टांगले, म्हणजे उंदीर पोचत नाहीत आणि कोंबड्यांचे पायही दाण्यात पडत नाहीत.

या रचनेत एक गुण असा आहे की जो नव्या, हलक्या खुराड्यात पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. झोपाळा हा मुळात हिसके सोसण्यासाठी बनविलेला असतो. दोन मुले एकदम झोके घेत असताना जो सांगाडा डगमगला नाही, तो वळवाच्या वादळात पत्रा धरून ठेवतो.

दोन गोष्टींबाबत मात्र सावधगिरी हवी. एक, जाळीबाबत. बाजारात ‘चिकन जाळी’ म्हणून जी पातळ षट्कोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, आणि मुंगसाला तर तिची भोके म्हणजे दरवाजेच. खालचे दोन-तीन फूट बारीक भोकांची, वेल्ड केलेली जाळी लावलेली बरी, मग वर साधी चालते. दुसरी गोष्ट रंगाची. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्राचे नियम २०१६ साली झाले आणि २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. कोंबडी सुटलेल्या रंगाची खपली टोचून खाते आणि ते शिसे अंड्यात उतरते. तेव्हा जुना झोपाळा असेल तर सुटलेला रंग आधी ओला करून, नाका-तोंडाला फडके बांधून खरवडून काढावा, खपल्या गोळा करून दूर टाकाव्यात आणि वर नवा हात द्यावा. घरात लहान मूल अंडे खाणारे असेल तर हा खर्च टाळण्यात शहाणपण नाही.

आता हिशेब. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतले नव्हेत, केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा मांडावा. जाळी, लाकूड, पत्रा आणि एका दिवसाची मजुरी मिळून तीन हजार रुपये धरू. झोपाळा भंगारात न दिल्याने सोडलेले बाराशे रुपये त्यात मिळवू, कारण तोही खर्चच आहे. म्हणजे बेचाळीसशे झाले. तेवढीच मजबूत चौकट नव्याने वेल्ड करून घ्यावयाची तर आणखी चार-पाच हजार सहज लागतील. दहा गावरान कोंबड्या वर्षाला प्रत्येकी साठ अंडी देतात असे धरले तर सहाशे अंडी होतात. निम्मी घरात व उबवणीसाठी गेली आणि तीनशे बारा रुपयांप्रमाणे विकली तर छत्तीसशे रुपये येतात. शिवाय जत्रेला वा पाहुण्यांसाठी दोन-चार कोंबडे. दाणा बहुतेक घरचाच : खळ्यावर सांडलेले, भाकरीचे तुकडे, उकिरड्यातील किडे. बेचाळीसशे रुपये दीड वर्षाच्या आत वसूल होतात.

या छत्तीसशे रुपयांचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते आणि बहुतेक घरांत ते पुरुषाच्या खात्यावर जमा होते. त्यातून सोसायटीचे कर्ज आधीच वळते झालेले असते. अंड्याचे पैसे दहा-वीस रुपयांनी, रोखीने, दारात येतात, आणि ते बाईच्या हाती पडतात. मुलीच्या वह्या, एसटीचे तिकीट, डोकेदुखीची गोळी यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरी खाल्लेली अंडीही तत्त्वतः धरली जातात, हे आम्ही वर्गात सांगतो. परंतु ती अंडी कोणी खाल्ली, पैसे कोणाच्या पदरात बांधले गेले, हे त्या हिशेबातून कधीच कळत नाही.

येथवर सर्व गोड आहे. वरच्या हिशेबातील खरी कच्ची जागा खुराड्याच्या खर्चात नाही. ती मानमोडीत आहे. राणीखेत म्हणून पुस्तकात जिचा उल्लेख होतो ती ही साथ एकदा परसात शिरली की दहातील आठ-नऊ पक्षी आठवड्यात माना टाकतात. मग खुराडे झोपाळ्याचे होते की नव्या लोखंडाचे, याला काही अर्थ राहत नाही. दीड वर्षात वसूल होणारे भांडवल मग तीन वर्षांतही वसूल होत नाही, आणि पुष्कळदा बाई पुन्हा कोंबड्या घेण्याचे नावच काढत नाही. परसातील कोंबडीपालन ‘परवडत नाही’ असे जे म्हटले जाते त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते.

आणि खेदाची गोष्ट ही की मानमोडीवर लस आहे, ती स्वस्त आहे, आणि ती आपल्या पुणे जिल्ह्यातच तयार होते. औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही त्यासाठीच आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यांत वा नाकात एक थेंब, महिन्याच्या सुमारास पुन्हा तसाच, आणि आठ आठवड्यांनंतर टोचणी, असा तिचा साधा क्रम आहे. मग ती दिली का जात नाही? कारण लसीची कुपी शंभर वा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालविली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने शंभर मात्रांची कुपी विकत घ्यावी, भिगवणहून वा बारामतीहून बर्फात घालून आणावी आणि नव्वद मात्रा ओतून द्याव्यात, अशी अपेक्षा आहे. शेडवाल्याला हा प्रश्नच नाही, त्याच्याकडे पाच हजार पक्षी आहेत. अर्थशास्त्रात याला उत्पादन-साधनाची अविभाज्यता म्हणतात. लहान माणूस मागे पडतो तो बहुधा आळसामुळे वा अज्ञानामुळे नव्हे, तर बाजारात त्याच्या मापाची वस्तूच नसल्यामुळे. कोंबडीच्या लसीइतके याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

सरकारी योजना या ठिकाणी काय करतात ते पाहू. एक हजार मांसल पक्ष्यांची शेड उभारण्यासाठी राज्यात अनुदानाची योजना राबविली गेली. सर्वसाधारण लाभार्थ्यांना पन्नास टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पंचाहत्तर टक्के असे तिचे प्रमाण. २०२१ साली नव्याने आखलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट प्रकल्पाला २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. त्यासाठी एक हजार पैदाशीच्या पक्ष्यांचा प्रकल्प हवा. परसातील कोंबडीपालकासाठी २५ तलंगा व तीन नर अशा गटाची योजनाही आहे, आणि ती कागदावर वाईट नाही. परंतु तिच्यातून पक्षी घरी येतात आणि पुढे लस घेऊन कोणी वेळेवर येईलच, याची हमी नसते. शिवाय वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या अंडी अधिक देतात हे खरे असले, तरी त्या खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाहीत. म्हणजे पुढची पिढी पुन्हा विकतच आणावी लागते, नाहीतर घरात एक-दोन गावरान कोंबड्या केवळ उबवणीसाठी ठेवाव्या लागतात. ही गोष्ट परसातल्या बाईला ठाऊक असते. योजना आखणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

याउलट शेडचे भांडवल कसे आहे? कंत्राटी पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे, जागा, शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि मोबदला किलोमागे ठरलेल्या दराने. पद्धत सोयीची आहे आणि पुष्कळ कुटुंबांना तिने सावरले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु धोक्याची वाटणी पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा शेकडो मैल दूरच्या बाजारातही कोंबडी कोणी विचारीना. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीपासून कोरोना होतो अशी खोटी अफवा उठली आणि पक्षी मातीमोल झाले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा बर्ड फ्लू. अशा वेळी कंपनी पिल्ले टाकणे लांबणीवर टाकू शकते. शेड रिकामी राहते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि दोनशे फुटांची ती शेड दुसऱ्या कशाच्या उपयोगाची? फार तर कांदा साठवा वा शेळ्या बांधा. झोपाळ्याचे खुराडे होते, खुराड्याचा पुढे दोडक्याचा मांडव होतो, करडांचा निवारा होतो. पैसा जिथे अडकून पडत नाही अशी गुंतवणूक आमच्या बँकांच्या मूल्यमापनात नेहमी ‘अपुरी’ ठरते, याचे नवल वाटते.

शेडवाल्यांचा एक आक्षेप आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परसात मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या रोग पसरवितात, त्यांच्यामुळे आमचे हजारो पक्षी धोक्यात येतात, असे ते म्हणतात. शेडवाल्याने स्वतःच्या घरी गावरान कोंबडी ठेवू नये असा आग्रह कंपन्याही धरतात. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. परसातील कोंबड्या हटविणे शक्य नाही. वरची पशुगणना पाहता त्या वाढतच आहेत. तेव्हा त्यांना लस देणे ही शेडवाल्याचीही गरज ठरते. ज्या गावात पन्नास हजार पक्षी शेडमध्ये आहेत तेथे परसातील पाचशे पक्ष्यांच्या लसीचा व बर्फाच्या पेटीचा खर्च कंपन्यांनी उचलला, तर तो परोपकार न होता विमा होईल. आणि रात्री सर्व कोंबड्या खुराड्यात असणे ही त्या लसीकरणाची पहिली अट आहे. झाडावर बसलेली कोंबडी पकडून तिच्या डोळ्यात थेंब कोण घालणार? पहाटे खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी मात्र दहा कोंबड्यांना पाच मिनिटे पुरतात.

जाता जाता शाळांच्या झोपाळ्यांबद्दल. पुष्कळ शाळा-अंगणवाड्यांच्या आवारात मोडके झोपाळे आणि घसरगुंड्या गंजत पडलेल्या दिसतात. त्यांचे खुराडे करण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने आवरावा. ती सार्वजनिक मालमत्ता आहे. रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज तिला हात लावता येत नाही, आणि निर्लेखनाचा कागद ज्या गतीने फिरतो त्या गतीने लोखंडही शिल्लक राहत नाही. शिवाय तेथे मुले आहेत. त्या झोपाळ्याची दुरुस्तीच व्हावयास हवी.

खासगी अंगणातील झोपाळ्यासाठी मात्र कोणाच्या परवानगीची वा अनुदानाची गरज नाही, आणि ते मागूही नये. मागावयाचे ते एवढेच की तालुका पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक गावासाठी लसीचे दिवस आधी जाहीर करावेत, एक पावसाळा संपल्यावर आणि एक उन्हाळ्याच्या तोंडाशी. आदल्या संध्याकाळी दवंडी वा मोबाइलवर निरोप जावा, त्या रात्री कोंबड्या कोंडलेल्या असाव्यात आणि सकाळी सहाला बर्फाची पेटी गावात पोचावी. उमेद अभियानातून प्रशिक्षण घेतलेल्या पशुसखी अनेक गावांत आहेत. त्यांना पक्ष्यामागे रुपया-दोन रुपये मेहनताना ठरवून दिला तर एका कुपीत दहा घरे सहज उरकतात. निमगाव केतकीसारख्या मोठ्या गावात वाड्या-वस्त्या धरून यास दोन सकाळी लागतील, सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात घरे विखुरलेली असल्याने कदाचित तीन. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालावयाचा असेल तर अर्ज सभेच्या आधी, लेखी, आणि शक्यतो ज्यांच्या कोंबड्या आहेत त्या बायकांच्या सह्यांनी द्यावा.